लकव्यानंतर किंवा कंपवातात घरच्या घरी व्यायाम कसा करावा

लकवा मारलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणले की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती मालिशीच्या तेलाची. कोणी वैदूचा पत्ता देतो, कोणी कबुतराच्या रक्ताने चोळायला सांगतो, आणि घरातली माणसे सकाळ-संध्याकाळ तो दुबळा हात उचलून, वाकवून, चोळून थकून जातात. ज्याचा हात आहे तो मात्र आढ्याकडे पाहत पडून असतो. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावांत फिजिओथेरपीचे काम करताना हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की सुरुवात तिथूनच करावी लागते. तेलाच्या मालिशीने बरे वाटते, त्यात वावगे काही नाही. परंतु लकव्यात बिघाड मेंदूत झालेला असतो, हातात नव्हे. आणि मेंदूचा शाबूत राहिलेला भाग हरवलेले काम नव्याने शिकतो तो रुग्णाने स्वतः प्रयत्न केला, आणि पुन्हा पुन्हा केला, तरच. दुसऱ्याने हलवलेल्या हाताचा सांधा आखडत नाही, एवढाच त्याचा लाभ. म्हणून या लेखात जे सांगितले आहे त्यात हालचाल रुग्णाची असावी आणि घरच्यांनी फक्त आधार द्यावा, असे धरून चालावे.

ग्रामीण गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या अभ्यासात मृत्यूच्या कारणांमध्ये लकवा सर्वांत वर आढळला होता. त्यातून जे वाचतात त्यांच्यातले अनेक जण पुढची कित्येक वर्षे घरीच काढतात, आणि फिजिओथेरपिस्ट असतो जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा सेवाग्राम, सावंगीसारख्या मोठ्या रुग्णालयात. महिन्यातून एकदा तिथे जाता आले तरी उरलेले दिवस घरच्यांच्याच हातात असतात.

सुरुवात केव्हा करावी

लकव्यानंतरचे पहिले चोवीस तास सर्वस्वी डॉक्टरांवर सोडावेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत असे दिसले की पहिल्याच दिवसापासून रुग्णाला पुन्हा पुन्हा उठवून उभे केल्याने फायदा तर झाला नाहीच, उलट तीन महिन्यांनंतरची स्थिती थोडी वाईट निघाली. त्यानंतर मात्र उशीर करू नये. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. पुढे वेग मंदावतो, पण ‘सहा महिने झाले, आता काही होत नाही’ हे जे बोलले जाते ते खरे नाही. दोन वर्षांनंतर चालणे सुधारलेली माणसे मी पाहिली आहेत.

घरी येताना डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात: लकवा रक्ताची गुठळी अडकून झाला की रक्तस्राव होऊन, व्यायामाच्या वेळी रक्तदाब किती असला तरी चालेल, आणि हृदयासाठी काही वेगळी काळजी घ्यायची आहे का. रक्तदाब आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मोजून घेता येतो; तो १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम करू नये आणि डॉक्टरांना कळवावे. अंगात ताप असतानाही सुट्टी घ्यावी. खर्रा मात्र कायमचाच सोडावा लागेल, कारण तंबाखू चालू ठेवून केलेला व्यायाम दुसरा झटका रोखू शकत नाही.

आधी बाज आणि जागा नीट करावी

आपल्या घरातली सुतळीची बाज मधोमध खोल जाते, आणि खोल गेलेल्या बाजेवरून धडधाकट माणसालाही हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. तिची दोरी ओढून घट्ट करावी आणि वर जुन्या दाराची फळी टाकून त्यावर गादी घालावी. लाकडी तख्त असेल तर उत्तमच. उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. कमी पडल्यास बाजेच्या पायांखाली विटा द्याव्यात, पण विटा हलत नाहीत याची स्वतः बसून खात्री करावी. नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर चालवू नये, आणि दुबळ्या पायात साधी चप्पल न घालता मागे पट्टा असलेली सँडल घालावी, कारण चप्पल पायातून निसटलेली रुग्णाला कळतही नाही.

काखेत हात घालून उठवू नये

राळेगाव तालुक्यातल्या एका घरी काकाजींना लकव्यानंतर दोन महिन्यांनी खांदा इतका दुखू लागला होता की रात्री झोप लागत नव्हती. सदरा काढून पाहिले तर खांद्याच्या हाडाखाली माझी दोन बोटे बसतील एवढी खाच पडली होती. त्यांचा मुलगा अतिशय मायेने, दिवसातून दहा वेळा, काखेत हात घालून त्यांना उचलत असे. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असल्यामुळे सांधा नुसत्या हाताच्या वजनानेही खाली सरकतो, आणि ओढले की आणखी सरकतो. दुबळा हात कधीही ओढू नये. बसलेले असताना तो मांडीवर ठेवलेल्या उशीवर टेकवावा, आणि झोपताना खांद्याखाली घडी केलेली चादर द्यावी. उठवण्यासाठी कमरेभोवती दुपट्टा दोन वेढे देऊन बांधावा आणि पकड त्या दुपट्ट्याला असावी. काकाजींचे दुखणे एवढ्यानेच दीड महिन्यात बरेच उतरले.

बसल्या जागेवरून उठणे

मला एकच व्यायाम सांगायचा झाला तर मी हाच सांगेन, कारण शौचाला जाण्यापासून ओसरीवर येऊन बसण्यापर्यंत सगळे यावर अवलंबून आहे. रुग्णाने काठावर पुढे सरकून बसावे. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्याव्यात, आणि दुबळा पाय चांगल्या पायापेक्षा दोन बोटे मागे ठेवावा. असे केले नाही तर सगळा भार चांगल्या पायावर जातो आणि दुबळा पाय नुसता पाहुण्यासारखा शेजारी राहतो. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून हात समोर लांबवावेत. आता नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकावे, आणि मगच उठावे. बहुतेक जण इथेच चुकतात: पडण्याच्या भीतीने ते मागे रेलतात आणि मागे रेलून उठू पाहतात, जे कोणालाच जमत नाही. मदतनीसाने दुबळ्या बाजूला थांबून आपला गुडघा रुग्णाच्या गुडघ्यासमोर धरावा म्हणजे तो दुमडणार नाही, एक हात दुपट्ट्यावर ठेवावा आणि ओढू नये. उभे राहून तीन आकडे मोजावेत, मग सावकाश बसावे. धपकन बसू देऊ नये, कारण सावकाश बसण्यातच मांडीचा खरा व्यायाम होतो. श्वास कोंडून धरू नये. मोठ्याने आकडे म्हणत राहिले की श्वास आपोआप चालू राहतो.

पहिल्या आठवड्यात पाच वेळा, असे दिवसातून तीनदा पुरे. पुढे संख्या वाढवत न्यावी. किती वाढवावी याचा निर्णय दुसऱ्या दिवसाच्या सकाळवर सोडावा: उठल्यावरही अंग कालच्याइतकेच गळून गेलेले असेल तर काल जास्त झाले.

उभे राहणे जमले की भिंतीजवळ उभे राहून भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा सराव करावा, आणि नंतर चालावे. काठी चांगल्या हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुबळा.

हाताला काम द्यावे

दुबळा हात वापरला नाही की मेंदू त्याला विसरू लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हे ओळखून चांगला हात बांधून ठेवण्याची आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करवून घेण्याची पद्धत विकसित केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, लकव्याला तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांना दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा स्पष्ट लाभ दिसला, आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता. ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी उचलली जातात त्यांच्यासाठीच ही पद्धत आहे, आणि चांगला हात बांधून चालायला मात्र लावू नये, तोल गेला तर सावरायला तो मोकळा हवा.

यासाठी बाजारातून चेंडू आणण्याची गरज नाही. रबरी चेंडू दाबत बसल्याने मूठ आवळण्याचीच सवय वाढते, आणि लकव्यात अडचण बहुधा मूठ उघडण्याची असते. तुरीच्या शेंगा सोलणे, बोंडातून कापूस ओढून काढणे, सुपातली डाळ चिमटीने वाटीत टाकणे, दुबळ्या हाताने ताट धरून चांगल्या हाताने पुसणे, या कामांत बोटे उघडतात आणि मिटतात. एका आजीबाईंनी पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तुरीच्या चार शेंगा सोलल्या होत्या आणि त्यांना रडू कोसळले होते. पण चार शेंगा म्हणजे बोटे कितीतरी वेळा उघडून मिटली होती, हे त्यांना मोजून दाखवल्यावर त्यांनी पाचवी उचलली. हाताला गरम-थंड कळत नसेल तर चुलीजवळचे काम देऊ नये.

कंपवात आणि इतर आजार

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, ताकद फारशी कमी नसते, हालचाल लहान होत जाते. त्यामुळे प्रत्येक हालचाल मुद्दाम मोठी करावी: हात पूर्ण उघडावेत, पाऊल लांब टाकावे, आवाज चढवून आकडे म्हणावेत. अंगणात एकेक हाताच्या अंतरावर चुन्याने आडव्या रेघा ओढून त्या ओलांडत चालवल्यास, किंवा भजनातल्यासारखा टाळ वाजवत ठेवल्यास, अडकलेले पाऊल सुटते. वळताना जागेवर गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा. गोळीचा अंमल चांगला असतो त्या वेळी, बहुधा गोळीनंतर तासाभराने, व्यायाम ठेवावा.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचे आवरण खराब होण्याचा आजार, असलेल्या रुग्णाला उष्णता सोसत नाही. अंग तापले की दिसणे अंधुक होते, पाय जड पडतात, आणि अंग थंड झाल्यावर पूर्ववत होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा या रुग्णांनी सूर्य वर येण्याआधी, मानेभोवती ओला दुपट्टा घेऊन व्यायाम उरकावा. तसे तर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सगळ्यांनीच हा नियम पाळावा. गिया-बारे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजारातून उठणाऱ्यांनी आणि लहानपणी पोलिओ झालेल्यांनी थकेपर्यंत व्यायाम करू नये. त्यांचे स्नायू अतिश्रमाने आणखी दुबळे होऊ शकतात.

वेचणीच्या दिवसांत

दिवाळीपासून घरातली सगळी माणसे कापूस वेचायला वावरात असतात आणि रुग्ण दिवसभर एकटा राहतो. व्यायाम सुटतो तो इथे, आळसामुळे नव्हे. उठण्याचे आणि चालण्याचे व्यायाम वावरात जाण्यापूर्वी आणि परतल्यावर करवून घ्यावेत. मधल्या वेळेसाठी शेंगा, डाळ, बसून गुडघा सरळ करणे अशी बैठी कामे समोर मांडून जावे. एकट्याने चालण्याचा प्रयोग करू नये. शेजारची शाळकरी मुले दुपारी येऊन आकडे मोजायला फार आनंदाने तयार होतात.

छातीत दुखणे, दम लागून बोलता न येणे, चक्कर, एका पोटरीवर सूज आणि दुखणे यांपैकी काही झाल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. व्यायाम थांबवल्यावरही दुखणे किंवा दम ओसरत नसेल तर वाट पाहू नये. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, नवीन बाजूला बळ कमी होणे, अचानक प्रचंड डोके दुखणे असे दिसताच १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आपल्या गावातून मोठ्या रुग्णालयापर्यंतच त्यातले दोन तास जातात.

भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या तारखेखाली दोन आकडे लिहावेत: किती वेळा उठले, किती शेंगा सोलल्या. पुढच्या तपासणीला ते पान फाडून गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत न्यावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे, म्हणजे पुढचा व्यायाम त्यावरून ठरवता येतो.