घरी सापडणारा तरुण आणि न सापडणारा

नाशिक शहरात किंवा जिल्ह्यात तरुणांच्या मतांचा सर्वे हाती घेतलात की आधी 'तरुण' म्हणजे कोण, ते कागदावर लिहून टाका. संयुक्त राष्ट्रांच्या लेखी 15 ते 24, भारताच्या 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात 15 ते 29, लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या 2016 च्या युवा पाहणीत 15 ते 34. दोन वेगळ्या वयोगटांचे आकडे शेजारी ठेवून 'तरुणांचं मत बदललं' असं लिहिलेले प्रकल्प ढिगाने सापडतात. अकरावीतली मुलगी आणि तेहतीस वर्षांचा दोन लेकरांचा बाप एका टक्केवारीत बसवले की काहीही बदलल्यासारखं दिसतं.

गूगल फॉर्म कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून 600 उत्तरं जमवता येतात, दोन दिवसांत. ती 'नाशिकच्या तरुणांची' नसतात, त्या ग्रुपवरच्या उत्साही मंडळींची असतात. प्रश्नावलीची चाचणी म्हणून ठीक, त्यापुढे नाही.

रीतसर नमुन्यासाठी बहुतेक जण मतदारयादी धरतात. शहर म्हणजे नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली हे चार मतदारसंघ. त्यांतले यादी भाग (एका मतदान केंद्राची यादी म्हणजे एक भाग) चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पण मतदारसंख्येच्या प्रमाणात निवडायचे. समजा एका भागात 1,140 नावं आहेत आणि 20 हवीत, तर अंतर 57. पहिलं नाव 1 ते 57 मधून यादृच्छिक काढायचं. 23 आलं तर पुढे 80, 137, 194 असं जायचं. तरुणच हवे असतील तर आधी वयाच्या रकान्यावरून बाकीची नावं गाळा, मग अंतर काढा. उलट केलंत तर हातात चार-पाच नावं उरतात.

तरुणांच्या बाबतीत ही यादी मात्र दगा देते. अठराखालचे तिच्यात नाहीतच, आणि अठरा-एकोणीसच्या अनेकांनी नोंदणी केलेली नसते. शिवाय गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या आसपास कॉट बेसिसवर राहणारी मुलं. त्यांची नावं कळवण, सुरगाणा, पेठच्या यादीत. नाशिकच्या यादीत ती नाहीत म्हणून इथे सुटतात, आणि गावच्या यादीत आहेत पण 'पोरगा नाशिकला असतो' म्हणून तिथेही सुटतात. दोन्हीकडून गळणारा हा गट शिकलेला, स्पर्धा परीक्षेला बसणारा आणि नोकरीच्या प्रश्नावर सगळ्यात चिडलेला असू शकतो. म्हणून 15 ते 29 साठी निवडलेल्या भागात घरयादी स्वतः करावी. ठरलेल्या कोपऱ्यापासून सलग 100 ते 120 घरं, भाड्याच्या खोल्या आणि होस्टेलं धरून. त्यातून ठरलेल्या अंतराने घरं उचलायची आणि एका घरात तीन तरुण असतील तर ज्याचा पुढचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो त्याला विचारायचं. जो समोर बसलाय त्याला नाही.

समोर कोण बसलेला असतो? सिडकोत सकाळी अकराला दार वाजवलंत तर सून किंवा सासू. अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी केलेला पोरगा आत झोपलेला, एमपीएससीवाला सकाळपासून अभ्यासिकेत. म्हणून एका नावासाठी तीन फेऱ्या, तिन्ही वेगळ्या वेळांना: एक सकाळी, एक सातनंतर, एक कारखान्याच्या सुट्टीला. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, रविवार गृहीत धरू नका. तिसऱ्या फेरीतही भेट झाली नाही तर 'भेटला नाही' असंच लिहायचं. शेजारच्या घरातला मुलगा बदली घेतला की नमुना संपला, कारण सगळे बदली घरी सापडणारेच असतात.

ग्रामीण भागात वेळापत्रक पिकाचं असतं. पेठ-सुरगाण्याची तरुण जोडपी ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला असतात. जानेवारीत त्यांच्या पाड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं भेटतील. भातलावणी आटोपल्यावर जा. पाऊस असतो, पण माणसं असतात. रेंज नसते, तेव्हा कोबो किंवा ओडीकेसारखं, नेटशिवाय फॉर्म भरू देणारं ॲप फोनवर आधीच टाकून न्या.

मुलीची मुलाखत वडिलांसमोर झाली तर ती वडिलांची मुलाखत असते. 'तिला काय कळतं, मी सांगतो ना' हे ऐकून घ्यावंच लागतं, आणि त्यांना गप्प करू नये. दोघांनी जायचं. एकाने कर्त्या माणसाला जमीन, सदस्य, शिक्षण असे घराचे प्रश्न विचारत ओट्यावर बसवायचं आणि मुलीशी बाईनेच आत बोलायचं. फॉर्मवर 'मुलाखतीवेळी आणखी कोण हजर होतं' असा रकाना ठेवा. पुढे लग्नाच्या प्रश्नाची उत्तरं या रकान्याप्रमाणे वेगळी काढून पाहा. अठराखालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारू नका. नमुना मतपत्रिकेवर खूण करून बंद पेटीत टाकायला द्या, लोकनीतीच्या निवडणूक अभ्यासांत तसंच करतात.

प्रश्नांबद्दल थोडक्यात. 'आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नाला तुमचा पाठिंबा आहे का?' हे दोन प्रश्न आहेत. शिवाय 'पाठिंबा' म्हटलं की हो म्हणण्याकडे कल असतो. 'काही जण असं म्हणतात, काही जण तसं, तुम्हाला काय वाटतं?' ही मांडणी बरी. 'सांगता येत नाही' हा पर्याय वाचून दाखवू नका, पण आला तर नोंदवाच. जात शेवटी विचारा आणि प्रवर्ग वेगळा विचारा. 'ओपन' हे जातीचं उत्तर नव्हे. पेठकडे नुसतं 'आदिवासी' लिहून आणलंत तर कोकणा, वारली, महादेव कोळी एकाच टोपलीत पडतात.

दोन उत्तरं मात्र जवळून पाहण्यासारखी. 'काय करता?' 'काही नाही, घरीच.' प्रशिक्षण नसलेला अन्वेषक (मुलाखत घेणारा) लगेच 'बेरोजगार'वर खूण करतो. पुढे विचारा: गेल्या सात दिवसांत शेतावर, दुकानात, गोठ्यात एक तास तरी काम केलं का? पैसे मिळोत न मिळोत. बागेत फवारणी करणारा, बारा लिटर दूध घालून येणारा पोरगा 'घरीच' असतो. कामाची चौकशी करणारा हा पुढचा प्रश्न वगळला की बेरोजगारीचा आकडा फुगतो आणि मुलींच्या बाबतीत त्यांचं कामच नाहीसं होतं.

दुसरं उत्तर 'कांदा'. देशापुढची सर्वात मोठी अडचण कोणती, या मोकळ्या प्रश्नावर नाशिक जिल्ह्यात हे येणारच. लासलगावकडच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी याचा अर्थ भाव पडला, इंदिरानगरच्या गृहिणीसाठी भाव चढला. कोडिंग करणाऱ्यापुढे, म्हणजे उत्तरांची गटवारी करणाऱ्यापुढे, एकच शब्द आला तर तो महागाईत टाकायचा की शेतीमालाच्या भावात? उत्तर पूर्ण वाक्यात, त्या माणसाच्याच शब्दांत उतरवा.

आकडेमोडीत एक गोष्ट नवखे विसरतात. 400 मुलाखतींची चूक (आकडा खऱ्यापासून इकडे-तिकडे सरकण्याची मर्यादा) ±5 टक्के हे साध्या यादृच्छिक नमुन्यापुरतं. 20 भागांत प्रत्येकी 20 घेतल्या तर एकाच गल्लीतली माणसं एकमेकांसारखी निघतात. हे साम्य 0.05 धरलं (0 म्हणजे काहीच साम्य नाही, 1 म्हणजे सगळे सारखेच) तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे साध्या नमुन्याच्या किती पट मुलाखती लागतील तो आकडा, 1.95, म्हणजे हातात 205 मुलाखतींचंच बळ आणि चूक सुमारे ±7. तेच 40 भागांत प्रत्येकी 10 घेतल्या तर 1.45, चूक ±6 च्या आत. रिक्षाचा खर्च वाढतो, पण तो करावा. आणि एकाच फेरीवरून 'आजची पिढी वेगळी आहे' असं लिहू नका. वय वाढलं की बदलणारं मत आणि पिढीबरोबर आलेलं मत वेगळं करायला तोच प्रश्न, तेच शब्द, काही वर्षांनी पुन्हा विचारावे लागतात.

अन्वेषकांना फॉर्ममागे पैसे देऊ नका, दिवसाचे द्या. फॉर्ममागे दिलेत की चहाच्या टपरीवर फॉर्म भरले जातात. पंचवीस मिनिटांची प्रश्नावली आठ मिनिटांत उरकलेली, सलग दहा प्रश्नांना 'सहमत', एकाच ठिकाणच्या जीपीएसवर पाच घरं: हे फॉर्म त्याच रात्री बाजूला काढा. दहातला एक फॉर्म पर्यवेक्षकाने स्वतः जाऊन तपासावा. मतं विचारू नयेत, फक्त वय, शिक्षण आणि 'कोणी आलं होतं का' एवढंच.

अहवालातला पहिला तक्ता निष्कर्षांचा नसावा. निवडलेली नावं किती, भेटली किती, नकार किती, आणि तीन फेऱ्यांनंतरही 'कामावर', 'अभ्यासिकेत', 'बागेवर', 'नाशिकला' अशा शेऱ्यांची किती, हा असावा.