ठिपका उमटलाच नाही

जावास्क्रिप्ट ही वेब पानांची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागून चारेक महिने झाले होते. कॅल्क्युलेटर झाला, कामांची यादी झाली, म्हणून म्हटलं आता मुलांसाठी चित्रं काढायचा प्रोग्रॅम करून बघू. आज नवीन शिकणाऱ्या कुणी विचारलं, तर मी हेच आधी करायला सांगते. यात चूक लपून राहत नाही, पडद्यावर दिसतेच.

माझी पहिली चूक अगदी साधी होती. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये कॅनव्हास, म्हणजे ब्राउझरमधला चित्र काढायचा चौकोन, पडद्याएवढा ताणला आणि खूश झाले. रेघ मात्र बोटापासून हातभर लांब उमटायची, तीही फुगलेली, अस्पष्ट. आकार वेगळा सांगितला नाही, तर कॅनव्हास आतून ३०० बाय १५० पिक्सेलचाच राहतो आणि सीएसएस त्यालाच रबरासारखं ताणतं, हे कळायला अख्खी संध्याकाळ गेली. कॅनव्हासची विड्थ आणि हाइट स्वतंत्र द्यायची, विषय संपला.

मग पाच वर्षांच्या भाचीला टॅबलेट दिला. तिने बोट टेकवलं, उचललं. परत टेकवलं. “मावशी, पेन चालत नाही.”

चालत कसं नाही? मी तर दहा वेळा तपासलं होतं! पण मी दर वेळी रेघच ओढत होते आणि तिला हवे होते बाहुलीचे डोळे. माझा सगळा कोड पॉइंटरमूव्हमध्ये, म्हणजे बोट सरकल्यावर चालणाऱ्या भागात होता. बोट सरकलंच नाही तर तो चालणार कुठून? पॉइंटरडाउन होताच, म्हणजे बोट टेकताच, तिथे एक छोटं भरीव वर्तुळ काढायचं, एवढाच उपाय.

नंतर तिने भराभर गिरगोट्या मारल्या, तर रेघेऐवजी मण्यांची तुटलेली माळ उमटली. बोट सरकताना प्रत्येक बिंदूची खबर ब्राउझर देत नाही, अधूनमधून देतो. दर खबरेला नुसता ठिपका काढला की वेगात फटी पडतात. म्हणून आधीची जागा लक्षात ठेवून तिथून आत्ताच्या जागेपर्यंत रेघ जोडायची. रेघ जाड असेल तर सांध्यांवर खाचा दिसतात. लाइनकॅपला, म्हणजे रेघेच्या टोकाला, राउंड (गोल) दिलं की त्या जातात. आणि टच-अ‍ॅक्शनला नन (म्हणजे ‘काहीच नको’) द्यायला विसरू नका, नाहीतर बोटाबरोबर पानच वरखाली सरकतं.

मुलं तळहात पडद्यावर टेकवून काढतात, हे माझ्या गावीही नव्हतं. बोट आणि तळहात या दोघांमध्ये रेघ विजेसारखी उड्या मारायला लागली. प्रत्येक स्पर्शाला पॉइंटर-आयडी, म्हणजे स्वतःचा ओळख क्रमांक असतो. दर आयडीची मागची जागा वेगळी ठेवली की गोंधळ मिटतो आणि पाची बोटांनी एकदम चित्र काढता येतं. तळहाताचे डाग पडतात ते पडतात. भाचीला आवडले, मी राहू दिले.

रंग भरायच्या बादलीसाठी मी रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं) वापरलं. छोट्या चौकोनात झकास, मोकळं आभाळ भरायला गेलं की स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कॉल्सची मर्यादित जागा) भरून प्रोग्रॅम आडवा. माझा कॅनव्हास ८०० बाय ६००, म्हणजे ४,८०,००० पिक्सेल. त्याऐवजी शेजारी पिक्सेल स्वतःच्या अ‍ॅरेत (यादीत) टाकून एकेक काढत जा.

क्रेग हिकमन यांचा किड पिक्स हा मुलांचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम १९८९ मध्ये आला, तोही आपला लहान मुलगा मॅकपेंट या मॅकिंटॉशवरच्या चित्रांच्या प्रोग्रॅमशी झटापट करताना बघून सुचलेला. मेनू मुलांच्या हाताला नकळत लागतात. मी मेनू टाळले खरे, पण ‘सगळं पुसा’चं बटण खोडरबराला खेटून ठेवलं. अर्ध्या तासाची बाहुली एका चुकार बोटाने गेली आणि जे रडणं झालं ते विचारू नका.

त्या रात्री अनडू (केलेलं मागे घ्यायची सोय) लिहिलं. प्रत्येक रेघेआधी आणि पुसण्याआधीही पूर्ण चित्राची प्रत ठेवायची. एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एक प्रत १९ लाख बाइटच्या वर, म्हणून वीसच प्रती ठेवल्या. दुसऱ्या दिवशी भाचीने बाहुली पुसली, परत आणली, पुन्हा पुसली. चित्र काढायचं राहिलंच बाजूला. बाहुलीशी बुवा कुक खेळण्यात सकाळ गेली.