बॉयलरवाल्याला हीट पंप शिकवताना

इंग्लंडात घरं तापवायला गॅस बॉयलर बसवणाऱ्यांना एअर सोर्स हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरातलं पाणी तापवणारं विजेवरचं मशिन, शिकवायचं तर पहिली अडचण ही की समोरच्याला काम येत असतं. वीस-वीस वर्षं पाइप जोडलेला माणूस, लीक कुठे असेल ते नुसतं बघून सांगतो, आणि म्हणूनच आल्या आल्या थेट मशिनकडे जातो. मी पहिला दीड दिवस मशिनला हातच लावू देत नाही, टेप, वही आणि कॅल्क्युलेटर देतो. मनातल्या मनात शिव्या देत असतील, देऊ देत.

मशिन चालतं कसं हे पाच मिनिटांत सांगून होतं, फ्रीजच्या मागची जाळी गरम का लागते ते विचारायचं, बाकी ते स्वतःच बोलतात. खरा वेळ कशाला द्यायचा, तर पाणी किती गरम करायचं याला. पाणी ४०-४५ डिग्रीवर ठेवलं तर १ युनिट विजेत ३-४ युनिट उष्णता मिळते, तेच ६० च्या पुढे नेलं की हा आकडा घसरतो. आणि इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग आहे, म्हणजे चुकीचा लावलेला हीट पंप गिऱ्हाइकाला बॉयलरपेक्षा महागात पडतो. हे फळ्यावर लिहून आठवडाभर पुसायचं नाही.

मग हीट लॉस, म्हणजे थंडीत घरातून किती उष्णता बाहेर जाते ते, खोलीगणिक. बॉयलरमध्ये याची कोणी पर्वा केली नाही कारण २४-३० किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर लावला की कुठलंही घर तापतं. हीट पंपात तसं चालत नाही. मी एकच भिंत घेतो, १० चौरस मीटर, आत २१ डिग्री, बाहेर उणे २, म्हणजे फरक २३. जुनी नऊ इंची विटांची भरीव भिंत असेल तर यू व्हॅल्यू (एका चौरस मीटरमधून दर डिग्रीच्या फरकाला किती वॅट बाहेर जातात तो आकडा) २.१ च्या आसपास, गुणाकार केला की ४८३ वॅट. तेवढीच भिंत दुहेरी आणि मधली पोकळी इन्सुलेशनने भरलेली असेल, ०.६ धरा, १३८ वॅट. एवढं झालं की वर्गात पहिल्यांदा शांतता पसरते. मग त्यांना स्वतःच्या घराचा हिशोब करून आणायला सांगायचं. सॉफ्टवेअर नंतर, आधी एकदा हातानेच, नाहीतर सॉफ्टवेअर काहीही आकडा दाखवेल आणि हे मान डोलावतील.

त्याच्या मागोमाग रेडिएटर, खोलीत भिंतीला लावलेलं, गरम पाणी फिरणारं पॅनेल. कॅटलॉगमध्ये १००० वॅट लिहिलेलं असतं ते खोलीपेक्षा ५० डिग्री जास्त गरम पाण्याचं. ४५ च्या पाण्यावर तोच रेडिएटर जेमतेम ३५० देतो. म्हणून काही खोल्यांत रेडिएटर मोठे करावे लागतात, पण सगळीकडे नाही बरं का, कारण जुन्या लोकांनी मोठेच लावून ठेवलेले असतात, मोजल्याशिवाय कळत नाही.

पाइपचं गणित तर त्यांना सगळ्यात जास्त टोचतं. बॉयलरमध्ये जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात २० डिग्रीचा फरक चालायचा, हीट पंपात ५. म्हणजे ८ किलोवॅटला मिनिटाला ६ लिटरच्या जागी २३ लिटर पाणी फिरायला हवं. बारीक मायक्रोबोअर पाइपवाल्या घरात हे पाणी जाणारच नाही, आणि मशिनपासून येणारी मेन लाइन सहसा २८ मिलिमीटर लागते. एकदा एका शिकाऊ पोराने सवयीने १५ मिलिमीटरची लाइन टाकली, मशिन फ्लोचा फॉल्ट दाखवत बंद पडायचं आणि तो दोन तास मशिनलाच दोष देत होता. मी मुद्दाम गप्प बसलो. तो धडा तो विसरणार नाही.

आता प्रॅक्टिकल. सुरुवातीला मोनोब्लॉक द्या, त्यात फ्रीजमध्ये असतो तसा रेफ्रिजरंट गॅस बाहेरच्या युनिटमध्येच सीलबंद असतो, आत फक्त पाणी येतं. स्प्लिटमध्ये गॅसची लाइन घरात आणावी लागते, त्याला एफ-गॅसचं, म्हणजे असे गॅस हाताळण्याचं, सर्टिफिकेट पाहिजे. काही मशिनमध्ये आर-२९० गॅस असतो, म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा जड आणि पेटणारा, म्हणून युनिटजवळ नाली, तळघराची खिडकी, दरवाजा नको, किती अंतर ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच पाळायचं. डीफ्रॉस्ट दाखवायला थंडीतला दमट दिवस उत्तम, शून्य ते पाचच्या मध्ये कॉइलवर बर्फ धरतो, मशिन उलटं फिरून तो वितळवतं आणि वाफेचा लोट उठतो, गिऱ्हाईक आग लागली म्हणून फोन करतं. ते पाणी खडीत मुरवायचं, पायवाटेवर सोडलं तर सकाळी घसरगुंडी. गोठण्यापासून बचावाला एकतर पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) नाहीतर पाणी गोठायला आलं की ते बाहेर सोडणारा अँटीफ्रीझ व्हॉल्व, दोन्ही एकत्र नाही, थंडीत वीज जाऊन पाइप गार पडले की व्हॉल्व उघडून महागडं ग्लायकॉल बागेत जातं.

गरम पाण्याच्या अनव्हेंटेड, म्हणजे बंद आणि दाबाखालच्या, टाकीला जी-३ ची (इथल्या बांधकाम नियमांतलं कलम) पात्रता लागते, बऱ्याच जणांकडे असते. कागदपत्रांवर अर्धा दिवस पुरतो: वीज नेटवर्क कंपनीला कळवणं, आवाजाचा हिशोब, आणि एमसीएस, म्हणजे इन्स्टॉलरला प्रमाणपत्र देणारी योजना, कारण इंग्लंड-वेल्समध्ये ७५०० पाउंडांचं सरकारी अनुदान एमसीएसवाल्या इन्स्टॉलरमार्फतच मिळतं.

आपल्याकडून आयटीआयचा फ्रीज-एसीचा ट्रेड करून इथे आलेली पोरं भेटतात, त्यांचं उलटं असतं. व्हॅक्यूम, फ्लेअर, गेज यात तरबेज, पण रेडिएटर बॅलन्स करणं (प्रत्येकाला हवं तेवढंच पाणी जाईल असं बघणं), एअर काढणं कधी केलेलं नसतं. अशाला एका जुन्या गॅसवाल्याबरोबर जोडीला बसवा, माझ्या पाहण्यात इतकं भराभर शिकणं दुसऱ्या कुठल्या पद्धतीने होत नाही.

मेंटेनन्स शिकवायला चालू सिस्टिम बिघडवून ठेवा: स्ट्रेनरमध्ये (पाण्याच्या गाळणीत) गाळ भरा, एक व्हॉल्व अर्धा बंद करा, एक्सपान्शन व्हेसलची (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणाऱ्या टाकीची) हवा काढा, सेन्सरच्या जागा बदला. मग म्हणायचं शोधा. वार्षिक सर्व्हिसचा क्रम असा: मॅग्नेटिक फिल्टर आणि स्ट्रेनर साफ, कॉइलवरचा पालापाचोळा मऊ ब्रशने (प्रेशर वॉशर मारला की पत्र्याच्या पात्या वाकतात), प्रेशर, व्हेसल, सेफ्टी व्हॉल्व, ग्लायकॉल असेल तर ते किती दाट आहे याची रिफ्रॅक्टोमीटरने तपासणी, फॉल्टची जुनी नोंद.

आणि शेवटी कंट्रोलरवर वेदर कर्व्ह, म्हणजे बाहेरच्या थंडीप्रमाणे पाणी किती गरम करायचं ते ठरवणारं सेटिंग, बघायचंच, कारण एखाद्या थंड रात्री कोणीतरी पाणी ५५ वर नेऊन ठेवलेलं असतं आणि नंतर ते खाली आणायचं राहूनच गेलेलं असतं.