मदतनीस आला की आपण थांबायचं नाही

गेल्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. 'एल्डन रिंग' या गेममधला मार्गिट नावाचा दांडगा शत्रू त्याला चार दिवसांपासून आडवा पाडत होता. मी शेजारी बसले. पठ्ठ्यानं मार्गिटच्या दारातलं धुकं ओलांडलं, लगेच मदतीला बोलावायची घंटा वाजवली, तीन लांडगे प्रगटले आणि याचे दोन्ही अंगठे थांबले. उभा राहून बघत बसला. थोड्याच वेळात लांडगे संपले, सोटा याच्या डोक्यात.

"फुई, त्या ते मरी गयात! आते काय करू?"

ही चूक मी लहानपणी रोज बघितली आहे. धुळ्यात आग्रा रोडमागच्या गल्लीत नानांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. चार मशिनी, एक बाकडं आणि टोकनांचा पत्र्याचा डबा. शाळेतून आले की डबा माझ्याकडे. खेळायला कमी मिळायचं, पण बघायला खूप मिळायचं. कोणाचं टोकन लवकर संपणार हे मला मदतनीस बोलावण्याच्या वेळेवरून कळायचं.

मदतनीस म्हणजे ज्याला आपण चालवत नाही तो. हाक मारली की येतो, एक काम करतो, निघून जातो. कापूस वेचायला शेजारी येतात तेव्हा घरधनी बांधावर बसून राहत नाही, तोही ओळीत उतरतो. इथंही तसंच आहे. शत्रू दोघांकडे एकदम बघू शकत नाही, तेवढा वेळ मदतनीस आपल्याला मिळवून देतो. तो वेळ वापरला नाही तर हाक फुकट गेली.

सुरुवात 'किंग ऑफ फायटर्स 99' या मारामारीच्या गेमपासून करा. चार जणांचा संघ, त्यातला चौथा स्ट्रायकर, म्हणजे हाकेला येणारा मदतनीस. मशिनीवर चार बटणं ओळीत असायची आणि हाकेची म्हणजे बी आणि सी ही मधली दोन. तर्जनी आणि मधलं बोट जोडून दोन्ही एकदम दाबायची. नवी पोरं एका अंगठ्यानं दोन्ही गाठायला जायची. एक बटण आधी लागायचं आणि नुसती लाथ निघायची. नाना त्यांची बोटं धरून बटणांवर ठेवून द्यायचे. फोनवर खेळणाऱ्यांचीही आज हीच अडचण आहे. सेटिंगमध्ये दोन्ही मिळून एक बटण करता येत असेल तर आधी ते करा. नसेल तर पाच मिनिटं नुसती हाकच मारत बसा. बोटांना ती जागा सापडली पाहिजे.

स्ट्रायकर मोजकेच मिळतात, म्हणून पोरं ते शेवटासाठी राखायची. मग जीव बोटभर उरला की घाईघाईनं हाक, तोवर समोरच्याचा ठोसा बसलेला. माझा हिशेब सोपा आहे: जीव निम्म्याच्या वर असताना पहिली हाक. कोपऱ्यात सापडण्याआधी, सापडल्यावर नाही.

पुढच्या वर्षीच्या, म्हणजे 2000च्या भागात, आपले ठोसे चालू असतानाही स्ट्रायकर बोलावता यायला लागला. शिवाय संघात घेऊन खेळता येत नाहीत असे फक्त मदतीला येणारे पाहुणे आले. 'मेटल स्लग' या दुसऱ्या गेमची फिओ त्यातलीच. मला तो भाग सगळ्यात आवडतो. इथला सराव असा: दोन साधे ठोसे मारा, दुसरा लागताना हाक मारा आणि लगेच एक पाऊल पुढे टाका. स्ट्रायकरचा फटका बसतो तेव्हा तुम्ही हाताच्या अंतरावर हवे. पाऊल विसरलात तर समोरचा उडून लांब पडतो आणि तुम्ही रिकामे उभे राहता. दुकानातला एक पोरगा हे इतकं सफाईनं करायचा की समोरच्याला जमिनीवर पाय टेकू द्यायचा नाही. नानांनी शेवटी नियम केला, एका राउंडला एकच हाक. कंपनीनंही पुढे 2002च्या भागात स्ट्रायकर काढूनच टाकले.

'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम', 1998चा, त्यात पार्टनर चक्र फिरून मिळतो. मधला ठोसा आणि मधली लाथ एकदम दाबली की तो येतो. प्रत्येकाच्या हाका वेगळ्या, आकडा पडद्यावर दिसतो. जो मिळाला त्याची चाल आधी एकदा हवेत वाया घालवून बघून घ्या. कोलोसससारखा खांदा लावून सरळ धावत जाणारा मिळाला तर सोनं. तो धावतो तेव्हा उडी मारून वरून उतरायचं: समोरच्यानं खालचं अडवलं तर वरचं लागतं. हा गेम 2024मध्ये आलेल्या कॅपकॉमच्या संग्रहात आहे, सरावाची सोयही आहे.

'स्ट्रीट्स ऑफ रेज' (1991) मात्र उलटा हिशेब शिकवतो. तिथं ए दाबलं की पोलिसांची गाडी येते आणि पडद्यावरचे सगळे गुंड भाजून काढते. मेल्यावर नव्या जिवाबरोबर गाडी पुन्हा मिळते. म्हणजे गाडी न वापरता मरणं हे निव्वळ नुकसान. गर्दी झाली की खुशाल बोलवा. फक्त शेवटच्या, आठव्या टप्प्यात गाडी येत नाही. तिच्याशिवाय लढायची सवय आधीपासून ठेवा.

आता भाच्याचे लांडगे. चर्च ऑफ एलेहमध्ये रेना नावाची चेटकीण घंटा आणि लांडग्यांची राख देते; घंटा वाजवली की या राखेतून लांडगे येतात. दगडाची छोटी खूण जवळ असेल तिथंच घंटा चालते, तेव्हा पडद्याच्या डाव्या कडेला चिन्ह दिसतं. एका लढाईत एकदाच. राखेतल्या साथीदारांमुळे शत्रूचा जीव वाढत नाही, म्हणून वापरायला संकोच करू नका. मी भाच्याला सांगितलं, आत गेल्या गेल्या घंटा वाजव, तेव्हा मार्गिट अजून लांब असतो. मग लांडग्यांच्या मागे जाऊ नकोस, गोल फिरून त्याच्या पाठीशी जा. मार्गिटचं तोंड लांडग्याकडे असेल तर दोन वार. तोंड वळलं की लोळण घे, तिसऱ्या वाराचा मोह नको.

पहिल्या तीन खेपांना त्यानं तिसरा वार मारलाच. मी आकडा मोठ्यानं मोजायला लागले, "एक, दोन, लोळ." सहाव्या खेपेला दोन लांडगे गेले तरी तिसरा मार्गिटच्या पायाशी झोंबत होता आणि हा पाठीमागे होता. मार्गिट पडला तेव्हा तो लांडगा जिवंत होता. भाचा लॅपटॉप तसाच ठेवून ओट्याशी आला आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "फुई, यक लांडगा वाचना!"