उगवता हॉकीपटू ओळखताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी भुसावळात चौदा वर्षांखालच्या मुलांची निवड चालू होती आणि मी एका पोऱ्याचं नाव खोडलं. अंगाने किडकिडीत, हातात थोरल्या भावाची स्टिक, ती त्याच्या छातीला लागत होती. त्याचा हिट मैदानाच्या निम्म्यातही पोचत नव्हता. त्याच चाचणीत एका दांडग्या मुलाने तासाभरात पाच गोल मारले, त्याचं नाव मी यादीत सगळ्यात वर लिहिलं. दोन वर्षांत बाकीची मुलंही उंच झाली, अंगाने भरली आणि त्या दांडग्याकडे जोराशिवाय फारसं काही नव्हतं हे कळून आलं. किडकिडीत पोऱ्या तोवर हॉकी सोडून सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागला होता.

नंतर मी तो दिवस पुष्कळदा आठवून पाहिला. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो पोऱ्या दोनदा मान वळवून मागे बघायचा. बॉल स्टिकला लागेपर्यंत कुणाला द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी ते मोजलं नाही. मी हिट मोजले, गोल मोजले. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मैदानांवर पोरांना खेळवणाऱ्या सरांसाठी आणि आईबापांसाठी हे लिहितोय, कारण ही चूक मी एकट्याने केलेली नाही.

वय कागदावरचं की अंगातलं?

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असतात आणि वय १ जानेवारीपासून धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, त्यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो. बाराव्या-तेराव्या वर्षी वर्षाचा फरक फार मोठा. कॅनडातल्या आइस हॉकीत रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये हेच दाखवून दिलं: वरच्या पातळीवर पोचलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतले कमी. लहानपणी थोडा मोठा असलेला मुलगा निवडला जातो, मग त्याला चांगले प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि सुरुवातीचा फरक आपणच वाढवत नेतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली मुलं अजूनही भेटतात, विशेषतः पाड्यांवरून आलेली. अशा मुलाच्या कागदावरच्या तारखेवरून काहीच ठरवू नका. कुणाला पकडण्यासाठी हे सांगत नाहीये. मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळल्याशिवाय त्याच्या खेळाचा अर्थ लागत नाही, एवढंच म्हणणं आहे.

उपाय अगदी साधा आहे. क्लबच्या किंवा शाळेच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाच्या उंचीची पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. मुलं साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी आणि मुली बाराव्याच्या आसपास झपाट्याने उंच होतात. त्या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर वाढ सहज होते. दोन खुणांमधलं अंतर एकाएकी वाढलं की समजा, आता सहा महिने ते वर्षभर या मुलाचं तंत्र बिघडल्यासारखं वाटेल. हातपाय लांबलेले असतात, शरीराला त्यांचा अंदाज आलेला नसतो. काल सहज जमणारा ट्रॅप, म्हणजे येणारा बॉल स्टिकने अडवणं, आज स्टिकखालून निसटतो. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या हाडाशी दुखायला लागतं. नेमक्या याच महिन्यांत आपण म्हणतो, "याचं आता मन लागत नाही." मुलींच्या बाबतीत तर हे दोन वर्षं आधीच ऐकू येतं आणि बऱ्याच जणींची हॉकी तिथेच सुटते. या काळात सरावाचा भार थोडा कमी करा, दुखणं अंगावर काढू देऊ नका आणि निवडीचा शेरा लिहूच नका.

मुरमावरचा खेळाडू मॅटवर पहिल्याच दिवशी तोलणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण यात पोरांचा काहीच दोष नसतो. आपली मैदानं मुरमाची, नाहीतर काळ्या मातीची. बॉल कधी टप्पा घेईल सांगता येत नाही. म्हणून आपली पोरं स्टिक उभी धरतात, अंग बॉलच्या मागे आणतात, थोडी ताठ उभी राहतात. मातीवर हे बरोबरच आहे, असं केलं नाही तर बॉल नडगीवर बसतो. पुण्याच्या मॅटवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाणी मारलेलं असतं, बॉल सरळ आणि मातीपेक्षा कितीतरी जलद येतो. तिथे गुडघ्यात वाकून, स्टिक जमिनीला टेकवून आडवी धरायची असते. रात्रभर बसने जाऊन सकाळी पहिल्यांदा मॅटवर उतरलेलं धडगाव-तळोद्याचं पोर पहिल्या दहा मिनिटांत चार बॉल सोडतं आणि वहीत शेरा पडतो: "फर्स्ट टच कच्चा".

निवड तुमच्या हातात असेल तर असल्या पोराला निदान तीन-चार दिवस मॅटवर खेळू द्या आणि पहिल्या दिवसाचा शेरा बाजूला ठेवा. पहिल्या आणि चौथ्या दिवसात किती फरक पडला, ते बघा. जो चार दिवसांत वाकायला शिकला, त्याच्यात शिकण्याची ताकद आहे, आणि माझ्या मते या वयात त्याहून मोठी खूण दुसरी नाही. पोरं पाठवणाऱ्या सरांनी जाण्याआधी पंधरा दिवस गुळगुळीत सिमेंटच्या ओट्यावर किंवा बास्केटबॉलच्या कोर्टवर पाणी शिंपडून ट्रॅप आणि पुश करून घ्यावेत. मॅटची सर येत नाही, पण वेगाची भीती जाते.

आणि स्टिक बघा. बारा वर्षांच्या पोराच्या हातात मोठ्या माणसाची साडेछत्तीस इंची स्टिक असेल तर ते वाकूच शकत नाही. उभी केलेली स्टिक साधारण कमरेच्या हाडाशी यावी. मी नाव खोडलेल्या त्या पोऱ्याला भावाच्या स्टिकऐवजी मापाची स्टिक दिली असती, तर त्याचा हिट कुठवर गेला असता हे मला आता कधीच कळणार नाही.

गोल मोजणं

लहान गटात गोल कसे होतात ते बघा. गोलकीपर लहान, पॅड ढगळ, आणि डीमधून, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलातून, कुणी जोरात मारलं की बॉल आत. वरच्या पातळीवर तोच बॉल कीपर पायाने बाहेर काढतो. म्हणून गोल लिहाच, पण पेनल्टी कॉर्नरचे वेगळे, चालत्या खेळातले वेगळे, आणि समोर कोण होतं तेही लिहा.

मी आता वेगळी मोजणी करतो. एका मुलाकडे आलेले पहिले वीस बॉल धरतो. प्रत्येक बॉलला तीन गोष्टी लिहितो: यायच्या आधी मान वळली का, आल्यावर बॉल ताब्यात राहिला का, आणि पुढचा पास आपल्याच माणसाला गेला का. शेवटी एक खूण आणखी करतो: बॉल गेल्यावर तो उभा राहिला की परत मागे धावला? वीस बॉलमध्ये जे दिसतं ते तासभर नुसतं बघून दिसत नाही. काठावर बसून टाळ्या वाजवताना तर मुळीच दिसत नाही.

एका यशावर भविष्य लिहून टाकणं

डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला भारताने बेल्जियमला २-१ हरवून ज्युनियर विश्वचषक जिंकला. त्या संघातले हरमनप्रीत, मनदीप, सुमित, गुरजंत पुढे टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकापर्यंत पोचले. कर्णधार हरजीत सिंग मात्र टोकियोच्या संघात नव्हता, आणि त्या अठरा जणांतले निम्म्याहून जास्त तिथवर गेले नाहीत. जगातल्या सगळ्यात चांगल्या ज्युनियर संघाची ही गत, तर जिल्ह्याच्या चषकावरून आपण कुणाला 'पुढचा धनराज पिल्ले' कसं म्हणायचं? उलटही खरं आहे. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये नवे खेळाडू निवडताना १९९८ साली पावेल दात्स्यूकला १७१ व्या आणि पुढच्या वर्षी हेन्रिक झेटरबर्गला २१० व्या क्रमांकावर घेतलं गेलं. तिथे निरीक्षकांची फौज असते, तरी दोनशेच्या आसपास नावं यांच्या आधी पुकारली गेली. २००८ मध्ये दोघांनी डेट्रॉइटसाठी त्या लीगचा स्टॅनली कप जिंकला.

गोलकीपरच्या बाबतीत तर घाई करूच नका. भारताचा गोलकीपर श्रीजेश तिरुवनंतपुरमच्या क्रीडा शाळेत गेला तेव्हा हॉकीचा नव्हताच, गोळाफेक आणि व्हॉलीबॉल करत होता. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला गोलात उभं केलं. भारताकडून तो २००६ मध्ये पहिल्यांदा खेळला आणि पहिलं ऑलिंपिक पदक गळ्यात पडलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

"दम नाही" हा शेरा

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. उन्हाळी शिबिरात अकरा वाजता चाचणी घेऊन दमसास ठरवला तर उन्हाची परीक्षा होते, पोराची नाही. सकाळी सहा ते आठ, एवढाच वेळ धरा.

त्याहून गंभीर गोष्ट सातपुड्यातल्या पोरांची. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे आणि रक्त कमी असणं तर सगळीकडेच. जे पोर पहिली दहा मिनिटं सुंदर खेळतं आणि मग एकदम बसतं, सांधे किंवा पाठ दुखते म्हणतं, त्याला आळशी म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. सिकलसेल निघाला तर पळवणं लगेच थांबवा; पाणी, विश्रांती आणि किती खेळायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. इथे शेरा चुकला तर नुसती संधी जात नाही, जीवावर बेतू शकतं.

वगळलेल्यांची यादी फेकून देणं

निवडलेल्यांची यादी सगळे जपतात. मी दुसरीही जपतो. मार्चमध्ये ज्यांची नावं निघाली नाहीत, त्यांच्यापुढे उंची, तारीख, वीस बॉलचा हिशोब आणि गावातल्या कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेला असतो. पाऊस ओसरला, मैदान वाळलं की सप्टेंबरात त्यांना परत बोलावतो. पहिल्या वर्षी बावीस जणांना निरोप दिला, नऊ आले. त्यातल्या दोघांच्या भिंतीवरच्या खुणा सहा महिन्यांत चार बोटं वर सरकल्या होत्या, आणि एकाने बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवली.