रॅम आणायला निघायच्या आदल्या रात्री

लॅपटॉपला अजून एक रॅम टाकायची म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार असाल तर आदल्या रात्री अर्धा तास काढाच, कारण काउंटरवर नुसतं "आठ जीबी द्या" म्हटलं की समोरचा देईल ती पट्टी घेऊन यावं लागतं. माझं तसंच झालं, पीसी३ (म्हणजे डीडीआर३ पिढीची रॅम) सांगितलं, घरच्या पट्टीच्या स्टिकरवर पीसी३एल, म्हणजे तिचाच कमी व्होल्टेजचा प्रकार होता, त्या एका एलमुळे १.५ व्होल्टची पट्टी १.३५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये चाललीच नाही, सगळा दिवस पाण्यात.

आधी लॅपटॉप चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी, तिथला स्पीड आणि किती स्लॉट (पट्टी बसवायच्या खाचा) भरलेत ते लिहून घ्या. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामात १६०० दिसलं तर घाबरू नका, एका क्लॉकला दोनदा डेटा जातो, म्हणजे ती ३२००चीच आहे. मग बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि मोबाइलचा टॉर्च जवळ ठेवा.

मागचं झाकण उघडून पट्टीच्या बाजूच्या दोन क्लिपा सरकवल्या की पट्टी तिरकी वर येते, स्टिकरचा फोटो काढा. समजा लिहिलंय ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१, तर पीसी४ म्हणजे डीडीआर४ पिढीची, २४०० हा स्पीड, एसए म्हणजे लॅपटॉपची, डेस्कटॉपच्या पट्टीवर यूए असतं. काहींवर पीसी४-१९२०० असतं, तो स्पीड नाही, सेकंदाला किती एमबी जातात तो आकडा, ८ने भागा, २४००च येतं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो बघा.

स्टिकर घासलं गेलं असेल तर टॉर्च आडवा धरून चिपवरची अक्षरं वाचा, सॅमसंगच्या डीडीआर४ चिपवर नंबरातली शेवटची दोन अक्षरं आरसी असली तर २४००, टीडी २६६६, डब्ल्यूई ३२००. मायक्रॉनवर पाच अक्षरांचा कोड असतो, तो त्यांच्याच साइटवर टाकला की पूर्ण नंबर मिळतो.

नवी पट्टी थोडी फास्ट मिळाली तरी चालते, दोन्ही हळूवालीच्या स्पीडने चालतील. जुनी पट्टी अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घालून सोबतच न्या, आणि पैसे द्यायच्या आधी दोन्ही स्टिकर शेजारी ठेवून त्या एलसकट वाचा.