स्विचमधला लूप कसा थांबवायचा

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात गेलो तर नेट आडवं, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकतायत, बघतो तर कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचात खुपसलेली! हाच लूप, डेटा त्यातच गोल गोल फिरत राहतो. तर आधी सगळ्या मॅनेज्ड (म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर रॅपिड स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून जादा वाट बंद ठेवणारी सोय) चालू करा. मग मेन स्विचची प्रायॉरिटी ४०९६ ठेवा (आकडा जितका कमी तितका मान मोठा), कारण डिफॉल्ट ३२७६८ सगळीकडे तशीच राहिली तर सगळ्यात कमी मॅक अ‍ॅड्रेसवाला (मॅक म्हणजे कंपनीने दिलेला हार्डवेअर नंबर) स्विच रूट, म्हणजे सगळ्यांचा मुख्य, होतो, मग तो कोपऱ्यातला जुना डबडा का असेना. पीसी, प्रिंटरच्या पोर्टला एज पोर्ट (पुढे स्विच नाही असं सांगणारी सेटिंग) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे कुणी स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी सेटिंग) लावा, स्विच-स्विचमधल्या लिंकवर नको हां. शेवटी दोन स्विचमध्ये जादा केबल जोडून बघा, एक पोर्ट ब्लॉक दिसला पाहिजे, पण हे सुट्टीदिवशी करा, शिफ्ट चालू असताना नको.